खुराड्याभोवती उंदीर झाले आहेत? आधी दाणा आवरा, मग जाळी, मग पिंजरा

परसात पंधरा-वीस कोंबड्या पाळायला घेतल्या की माणूस रोगाला घाबरतो, मुंगसाला घाबरतो, कावळ्या-घारीवर नजर ठेवतो. उंदराकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे चिऱ्याच्या गडग्याला लागून खुराडं आहे. तिसऱ्या वर्षी, भातकापणी उरकून दिवाळी तोंडावर आली असताना, एका रात्रीत माझी अकरा पिल्लं गेली. सकाळी दार उघडलं तर कोंबडी अंग फुलवून कोपऱ्यात उभी, तिच्या पोटाखाली जेमतेम दोन पिल्लं, आणि मागच्या भिंतीच्या बुडाशी ताज्या मातीचा ढिगारा. भोकाच्या तोंडाशी एका पिल्लाचा पाय अडकून राहिला होता. पिवळा, काडीएवढा. तो पाय मी अजून विसरलेले नाही, आणि हा लेख त्याच्यामुळेच लिहिते आहे.

नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्यांदा सांगावीशी वाटते. उंदीर खुराड्याकडे येतो तो दाण्याच्या वासाने. अंडी आणि पिल्लं ही त्याला तिथे आल्यावर सापडलेली मेजवानी. त्यामुळे दाणा उघडा ठेवून तुम्ही कितीही उंदीर मारलेत तरी जागा रिकामी राहत नाही, शेजारच्या पेंढ्यातले येऊन राहतात. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीनेक महिन्यांत पुन्हा विण्याजोगी होतात. मारण्याचा वेग या वेगाला कधीच गाठत नाही. म्हणून क्रम असा धरा: दाणा आवरायचा, आसरा मोडायचा, वाट बंद करायची, आणि मग उरलेले पकडायचे. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पहिल्या दिवशीच कृषी सेवा केंद्रात जाऊन औषधाची पुडी आणतात.

पहिली पायरी: नेमकं कोण आहे ते बघा

पिल्लं किंवा अंडी गेली की सगळं खापर मुंगसावर फुटतं. खुणा बघितल्याशिवाय ठरवू नका. मुंगूस किंवा रानमांजर शिरलं तर मोठ्या कोंबड्याही मेलेल्या सापडतात, मानेला चावा असतो, पिसं उधळलेली असतात. अंडं अख्खं गेलं, टरफलाचा तुकडाही नाही, जागा कोरडी, तर सापाचा संशय घ्या. उंदराचं काम वेगळं. पिल्लं ओढून बिळात नेलेली असतात, एखादं अर्धवट बिळाच्या तोंडाशी राहतं. अंड्याला एका बाजूने कुरतडलेलं भोक असतं आणि टरफलं आडोशाला गोळा झालेली दिसतात. मोठ्या कोंबडीच्या पायाच्या बोटांवर लहान जखमा दिसल्या तर त्याही उंदराच्या असू शकतात. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती जागची हलत नाही, आणि उंदीर निवांत कुरतडतो.

उंदरांतही तीन मंडळी वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण तिघांचा बंदोबस्त वेगळा आहे. घरउंदीर सडपातळ, शेपूट अंगापेक्षा लांब, चढण्यात तरबेज. तो कौलातून, वाशावरून, आंब्याच्या फांदीवरून येतो. घूस जाड, आखूड तोंडाची, अंगावर केस राठ. ती चढायच्या भानगडीत फारशी पडत नाही, जमीन उकरते. भिंतीच्या बुडाशी मातीचे ढिगारे दिसले तर घूसच समजा. तिसरा पिटुकला उंदीर, अंगठ्याएवढा. तो पिल्लांना हात लावत नाही, पण दाणा घाण करतो. लेंड्यांवरूनही अंदाज येतो. पिटुकल्याच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या, घरउंदराच्या साधारण अर्धा इंच लांब, आणि घुशीच्या त्याहून मोठ्या. चिचुंद्री या हिशेबात धरू नका. ती किडे खाते. तिचा वास आला म्हणून पिंजरे लावत बसण्यात अर्थ नाही, फक्त लहान पिल्लं तिच्याही आवाक्यात ठेवू नयेत.

आता राखेचा उपाय, जो मी आजही करते. संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की चुलीतली चाळलेली राख खुराड्याच्या दाराशी, भिंतीच्या कडेने आणि संशय असेल त्या भोकापुढे वीतभर रुंद पट्ट्यात पसरा. राख नसेल तर तांदळाचं पीठ सोडून कुठलीही बारीक पूड चालेल, पीठ मात्र नको, ते खायला आणखी उंदीर येतील. सकाळी पावलं वाचा. बारीक बोटं आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ असेल तर उंदीर. पट्टाच सरळ पुसून नागमोडी झाला असेल तर सरपटणारं जनावर फिरून गेलं आहे, आणि तिथे हात घालताना सावध राहा.

दुसरी पायरी: रात्री खुराड्यात दाणा-पाणी नको

हे आज संध्याकाळपासूनच सुरू करता येतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

हिशेब सांगते. परसात फिरून खाणाऱ्या गावठी कोंबडीला वरचा दाणा रोजचा चाळीसेक ग्रॅम पुरतो. पंचवीस कोंबड्यांना एक किलो. एक घरउंदीर रात्री पंधरा-वीस ग्रॅम खातो. दहा उंदीर असतील तर महिन्याला पाच-सहा किलो दाणा तुम्ही त्यांना पोसायला घालता, आणि मुतून-हगून खराब केलेला वेगळाच.

दाणा दोनदा घाला, सकाळी आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला. संध्याकाळचा इतकाच घाला की अर्ध्या तासात फस्त होईल. कोंबड्या दांडीवर चढल्या की भांडी उचलून घरात आणा आणि खाली सांडलेली कणी खराट्याने झाडून घ्या. पाण्याची भांडी पालथी करा. अंधारात कोंबडी खातही नाही आणि पितही नाही, तिचं काही अडत नाही. नवी मंडळी इथेच कच खातात. कोंबडी उपाशी झोपेल या मायेने दाणा भरून ठेवतात. तिची अन्नाची पिशवी भरलेली असते. हात लावून बघा, मानेखाली टणक गोळा लागेल.

दाण्याचं पोतं खुराड्यात ठेवायचं नाही, पडवीतही नाही. माझ्याकडे कणीचं पोतं खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात होतं, काढायला सोपं म्हणून. घुशीने त्याच कोपऱ्याखाली घर केलं होतं. आता पत्र्याचं पिंप आहे, घट्ट झाकणाचं, दोन विटांवर उचलून ठेवलेलं. प्लास्टिकची बादली किंवा पिंप उंदीर काठाकडून कुरतडत येतो. सुरुवातीला नुसते दातांचे ओरखडे दिसतात, पंधरा दिवसांत भोक पडतं.

आणि स्वयंपाकघराचं खरकटं. कोकणात तर मासळी साफ केलेलं पाणी आणि काटे मागच्या दारी ओतायची सवय आहे. शिळा भात कोंबड्यांना घातला की अर्धा पसरून राहतो. घालायचं असेल तर सकाळी घाला, पाटीत घाला, आणि उरलेलं दुपारच्या आत उचला. काटे उकिरड्यात खोल पुरा, वर शेण टाका.

तिसरी पायरी: आसरा मोडा

खुराड्यापासून सगळ्या बाजूंनी सहा-सात हात जागा मोकळी करा. लाकडाच्या मोळ्या, नारळाची सोडणं, सुक्या झावळ्या, जुनी कौलं, फुटकी बादली, वापरात नसलेला पत्रा, यातलं काही भिंतीला टेकून नको. उंदराला उघड्यावर चार हात पळायचं म्हटलं तरी भीती वाटते, वर घुबड असतं. आडोसा मिळाला की तो बिनधास्त असतो. मोळ्या ठेवायच्याच तर दगडांवर वीतभर उचलून ठेवा, म्हणजे खाली बघता येतं.

पेंढ्याची उडवी खुराड्याशेजारी रचू नका. गडगा असेल तर सगळा मोडून काढणं शक्य नसतं, पण खुराड्याच्या समोरचा भाग तरी रिकामा करून चिऱ्यांच्या फटी दगडाच्या कपच्यांनी आणि सिमेंटच्या मालाने भरून घ्या. खुराड्यावर आलेल्या फांद्या तीन हात मागे छाटा.

हे काम दोन वेळांना नेमाने करायचं. एकदा मे महिन्यात, कारण पहिल्या पावसात शेतातली बिळं पाण्याने भरली की उंदीर उंचावरच्या घरांकडे सरकतात. आणि एकदा भात कापायच्या आधी, कारण शेत मोकळं झालं की त्यांचं खाणं संपतं आणि मोर्चा वस्तीकडे वळतो.

चौथी पायरी: जाळी, तळ आणि दार

पैसे खर्च करायचे तर इथे करा. बाजारात षट्कोनी भोकांची जी कोंबडीची जाळी म्हणून मिळते ती कोंबडीला आत ठेवायला ठीक आहे, उंदराला बाहेर ठेवायला तिचा उपयोग नाही. भोकातून लहान उंदीर सरळ जातो आणि तार इतकी बारीक असते की घूस ती तोडते. दुकानात अर्धा इंची वेल्डमेश मागा, जस्ताचा मुलामा दिलेली, एकोणीस-वीस गेजची. खालचे दोन फूट तरी याच जाळीचे हवेत. पिल्लं ठेवायच्या कप्प्याला पाव इंची जाळी लावा, म्हणजे पिटुकलाही शिरणार नाही.

फट किती चालते? पेन्सिल शिरते तिथून पिटुकला जातो, करंगळी शिरते तिथून घरउंदीर. दिवसा खुराड्यात आत बसा, दार लावून घ्या, आणि उजेड कुठून येतो ते खडूने खूण करत जा. माझ्या खुराड्यात अशा एकोणीस जागा निघाल्या. सर्वांत मोठी दाराखाली होती. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोका आणि उंबऱ्यालाही पत्रा लावा, नुसत्या लाकडाला दात लागतात. वासा आणि कौल यांच्यामधल्या पोकळीत जाळीचे तुकडे चुरगळून दाबून बसवा. घरउंदीर हमखास तिथूनच उतरतो. जाळी नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, वर लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा. दोन खिळ्यांच्या मधली जाळी घूस डोक्याने उचलते.

शेणाने सारवलेली जमीन घुशीला लोण्यासारखी. दोन मार्ग आहेत. परवडत असेल तर तीन इंचांचा कोबा करा, त्यात जाळी घालून. वर तूस पसरलं की कोंबड्यांना काही फरक पडत नाही आणि धुवायला सोपं जातं. तूस मात्र आठवड्याला खालीवर करत राहा, जाड थराखाली कोबा असला तरी पिटुकले घरटी करतात.

कोबा जमत नसेल तर जाळीचा पदर पसरा. भिंतीच्या बुडाशी जाळी काटकोनात वळवायची आणि बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर पसरायची, वर चार इंच माती आणि मातीवर फरशीचे तुकडे किंवा चिरे. घूस नेहमी भिंतीला अंग लावून, भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथेच उकरायला लागते. खाली जाळी लागली की तिथेच खरवडत राहते, दोन हात मागे जाऊन नव्याने सुरुवात करायचं तिला सुचत नाही. मी स्वतः पदरच केला, चारही बाजूंना, दोन दिवसांत.

खुराडं नवीन बांधत असाल तर जमिनीवर बांधूच नका. तीन फूट उंच खांबांवर घ्या, खाली स्वच्छ दिसेल असं. प्रत्येक खांबाला वरच्या टोकाशी फूटभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा. त्यावरून उंदराची नखं घसरतात. उंदीर दोन-अडीच फूट सहज उडी मारतो, म्हणून उंचीत कंजुषी करू नका. रात्री शिडी काढून ठेवायला विसरायचं नाही. तीच शिडी उंदराचीही असते.

पाचवी पायरी: आता पिंजरे

दाणा बंद झाल्यावर चार-पाच दिवसांनी उंदीर भुकेला होतो. पिंजरे लावायची हीच वेळ. दाणा उघडा असताना लावलेला पिंजरा रिकामाच राहतो, त्याला भज्याची गरजच नसते.

आधी कुठली बिळं चालू आहेत ते शोधा. हे मला आमच्या वाडीच्या पलीकडच्या एका कातकरी आजोबांनी शिकवलं. शेतातला उंदीर धरण्यात कातकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची हुशारी आहे, आणि बीळ बघायची त्यांची नजर आपल्याला नसते. ते आले, उकिडवे बसले, हाताने काही न उकरता नुसतं बघत राहिले. तोंडावर कोळ्याचं जाळं आहे ते बीळ सोडून दिलेलं. कडा गुळगुळीत, जाण्या-येण्याने घासून चकचकीत झालेल्या, ते वापरातलं. तोंड मोकळ्या भुसभुशीत मातीने बुजलेलं दिसलं तर ते बंद समजू नका, घूस आत असताना आतूनच तोंड लिंपून घेते. मग त्यांनी सगळी भोकं ओल्या मातीने बुजवायला लावली आणि उद्या सकाळी जेवढी उघडतील तेवढीच मोजा म्हणाले. चौदा बुजवली होती. सकाळी पाच उघडी होती. म्हणजे काम चौदा ठिकाणचं नव्हतं, पाच ठिकाणचं होतं.

पिंजरा एक लावून काही होत नाही. वीस कोंबड्यांच्या खुराड्याला निदान सहा हवेत. शेजाऱ्यांकडून मागून आणा. सगळे भिंतीच्या कडेला लावा, मोकळ्या जागेत कधीच नाही. तारेचा पिंजरा असेल तर तोंड भिंतीच्या रेषेत, खटक्याचा असेल तर आमिषाची बाजू भिंतीला चिकटवून आडवा. खटक्याचा पिंजरा कोंबडी किंवा मांजर पोचेल तिथे उघडा ठेवायचा नाही. त्यावर चिऱ्यांची बोगद्यासारखी रचना करा किंवा जुना खोका दोन बाजूंनी भोकं पाडून पालथा घाला. कोंबडीची बोटं मोडलेली मी पाहिली आहेत.

घरउंदीर फार संशयी. नवीन वस्तू दिसली की चार दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजऱ्याचं दार तारेने बांधून उघडंच ठेवा आणि आमिष घालत राहा. त्याला आत येऊन खाऊन जाऊ द्या. आमिष रोज खाल्लं जातंय असं दिसलं की पाचव्या संध्याकाळी सगळे पिंजरे एकदम लावा. पहिल्या रात्रीच पाच-सहा सापडतात. एकेक करून लावले तर बाकीचे शहाणे होतात.

आमिष काय? भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, सुकटीचं डोकं, शिळं भजं, गूळ लावलेले शेंगदाणे. घुशीला सुकट आणि खोबरं विशेष. आमिष दोऱ्याने आकड्याला बांधा, नाहीतर अलगद काढून नेतात. पिंजरा हाताळताना हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घाला.

पकडलेल्या उंदराचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला अवघड जातो. दुसऱ्याच्या शेतात किंवा रस्त्यापलीकडे सोडून येणं म्हणजे आपली पीडा त्याच्या दारात टाकणं. पिंजरा पाण्यात बुडवणं क्रूर आहे, जीव जायला वेळ लागतो, ते करू नका. माझं मन अजूनही होत नाही, पण खटक्याचा मजबूत पिंजरा वापरला की जीव क्षणात जातो, म्हणून आता मी तोच वापरते. चिकट गोंदाचे कागद मात्र घरात आणूच नका. उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि एखादं पिल्लू किंवा चिमणी त्यावर बसली तर तीही जाते. मेलेला उंदीर उघड्यावर फेकायचा नाही. दोन फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती.

औषधाबद्दल स्पष्ट सांगते

कोंबड्यांच्या आसपास झिंक फॉस्फाइड वापरू नका. करडी-काळी पूड मिळते, धान्यात तेलाबरोबर कालवून देतात. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. शेताच्या बांधावर बिळात घालायला ते ठीक असेल, पण कोंबडीला धान्य दिसलं की ती टिपणारच. उंदीर तोंडातला दाणा वाटेत टाकतो, तोही टिपेल. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराजवळच्या बिळात चुकूनही टाकू नका. त्यांचा वायू जमिनीतल्या फटींतून खोलीत येतो आणि झोपलेली माणसं दगावतात. त्या तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय वापरायला परवानगीही नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भाकरीवर लावून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. लहान मूल ते खाईल तर पहिला दिवस बरा दिसतो आणि नंतर यकृत निकामी होतं. घरात ठेवू नका.

सगळं करूनही घुशी आटोक्यात येत नसतील, तरच ब्रोमाडायोलोनच्या तयार वड्या. या वड्यांत औषध ०.००५ टक्के असतं, त्याने रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. तीन इंची प्लास्टिकचा पाइप, दोन-अडीच फूट लांब, मध्यभागी वडी तारेने बांधलेली. पाइप खुराड्याच्या कुंपणाबाहेर, बिळाजवळ, दगडाखाली दाबून ठेवा, जिथे पिल्लं, मुलं, कुत्रं जाणार नाही. रोज बघा, खाल्लेली वडी बदला, मेलेले उंदीर त्याच दिवशी पुरा. मेलेला उंदीर कोंबडीने टोचला, मांजराने खाल्ला किंवा गव्हाणी घुबडाने उचलला तर विष त्यांच्यात जातं. कोंबडीने वडी खाल्ल्याची शंका आली तर तिची अंडी खाऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. या विषाला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण वेळेत पोचलं पाहिजे. वेष्टन बरोबर न्या.

डांबराच्या गोळ्या, लसूण, मिरचीचा धूर, आवाज करणारी विजेची यंत्रं, यांनी उंदीर दोन दिवस बिचकतो आणि परत येतो. मांजर पिटुकल्यांना पुरेसं आहे. मोठ्या घुशीपुढे मांजर माघार घेतं, आणि कोवळी पिल्लं त्यालाही आवडतात.

स्वतःला जपा

उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कोकणात पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात. पायाला चीर असेल आणि ओल्या खुराड्यात अनवाणी गेलात तर जंतू तिथून शिरतो. गमबूट घाला. खुराडं साफ करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग गोळा करा. कोंबड्या तोवर बाहेर ठेवा. उंदराने घाण केलेली, तडा गेलेली अंडी टाकून द्या. कुरतडलेल्या पोत्यातला दाणा वरवर चांगला दिसला तरी कोंबड्यांना घालू नका, उंदराच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू येतात. सफाईनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि घरात उंदीर आहेत, खुराडं साफ केलं होतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप समजून दिवस जातात.

विष घातलेलं नसताना एकाएकी बरेच उंदीर मरून पडायला लागले तर त्यांना हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला कळवा. जुनी माणसं याला ‘उंदीर पडणं’ म्हणत आणि घर सोडत. १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेगचे रुग्ण आढळले त्याआधी गावात उंदीर असेच पडले होते.

सापाचंही बोलायला हवं. उंदीर झाले की मागोमाग धामण येते, कधी नाग, कधी घोणस. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाते, पण अंडी-पिल्लंही सोडत नाही. तिला मारू नका, सर्पमित्राला बोलवा. अंड्यांच्या खोक्यात बॅटरी न मारता हात घालायची सवय मात्र आजच सोडा. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी रुग्णालय. पट्टी करकचून आवळायची नाही.

शेजाऱ्यांना बरोबर घ्या, आणि मगच नवी पिल्लं आणा

तुमच्या खुराड्यातला उंदीर शेजारच्या गोठ्यातही चरतो. एकट्याने केलेलं काम तीन महिन्यांत फुकट जातं. आम्ही वाडीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात दाणा उचलला, मोळ्या हलवल्या आणि पिंजरे लावले, तेव्हा कुठे फरक दिसला. पहिल्या आठवड्यात चारही परसांत मिळून सव्वीस सापडले. पुढच्या आठवड्यात सात, त्याच्या पुढच्या आठवड्यात एक. आकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. आकडा खाली येत नसेल तर दाणा कुठेतरी उघडा आहे, तो शोधा.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची असेल तर जमिनीवरच्या टोपल्यात बसवू नका. उंचावर, पाव इंची जाळीच्या पेटीत बसवा. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत रात्री त्याच पेटीत. आमच्याकडे जुन्या पत्र्याच्या पेटाऱ्याचं झाकण काढून वर जाळीची चौकट बसवली आहे, कडी लावून. डालग्याखाली पिल्लं झाकून ठेवण्यावर भरवसा ठेवू नका. घूस डालग्याच्या कडेखालून उकरून आत येते.

आणि पिल्लं कधी आणायची, तर राखेवरून ठरवा. दाणा बंद आहे, जाळी बसली आहे, पिंजऱ्यात काही येत नाही, अशा वेळी सात रात्री ओळीने राख पसरा. एका रात्री जरी पावलं उमटली तर मोजणी पुन्हा एकपासून. सातही सकाळी पट्टा कोरा मिळाला की आठव्या दिवशी पिल्लं आणायला निघा. राख त्या रात्रीही पसरा.